वायपरची मोटर बदलण्याआधी



मिक्सर एकाएकी बंद पडला, तर तुम्ही काय करता? नवा मिक्सर आणायला लगेच बाजारात धावत नाही. आधी लाईट आहे का, ते पाहता. मग प्लग नीट बसलाय का, दुसऱ्या बोर्डावर लावला तर चालतो का, ते बघता. मग मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबता. एवढं करूनही तो मुकाच राहिला, तरच पिशवीत घालून दुकानात नेता. हे शहाणपण आपल्याला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. पैसा जपून वापरता वापरता ते अंगी आलं.

पण गाडीच्या बाबतीत मात्र आपलं हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे! गाडीचं काही बिघडलं, की "ते आपलं काम नाही" म्हणून आपण मोकळ्या होतो आणि समोरचा सांगेल तो आकडा मोजून देतो. मीही दिला. एकदा नव्हे, दुसऱ्यांदाही देणार होते. म्हणून आजचा हा विषय.

२०२३ सालचा जुलै महिना. २२ तारखेच्या अतिवृष्टीनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात महागावकडे पूर आला होता, त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. इकडे बाभुळगावातही झड लागलेली. मुलाला ताप होता, म्हणून त्याला यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं होतं. सासूबाई मागे त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या आणि गाडी मी चालवत होते. परत निघायला सहा वाजून गेले. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं आणि रस्ता रोजच्या पायाखालचा, म्हणून काळजी वाटली नाही. निम्म्या वाटेत समोरून एक ट्रक आला, त्यानं काळ्या मातीचं पाणी काचेवर भसकन उडवलं आणि नेमका त्याच वेळी वायपर काचेच्या मधोमध थांबला. पुन्हा बटण फिरवलं. काही नाही. समोर काच होती की भिंत, तेच कळेना.

कशीबशी खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी एका चहाच्या टपरीपाशी कडेला लावली. तासभर तिथंच बसलो. मुलगा तापानं कण्हत होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पोराच्या कपाळावरचा हात एकदाही काढला नाही. पाऊस उतरल्यावर पदरानं काच पुसत पुसत घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी नेली. बॉनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं न पाहिलं, तोच "मोटर गेली ना जी ताई" असा निकाल मिळाला. मोटर बदलली, मजुरी धरून तीन हजारांच्या वर गेले. वायपर झकास चालू झाला. आणि नवव्या दिवशी, भर पावसात, पुन्हा बंद! आता म्हणे स्विच गेला.

तेव्हा मात्र मी थांबले. आमच्या गल्लीत ट्रॅक्टर आणि मोटारींचं वायरिंग करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी सोबत आणला होता एक साधा दिवा, त्याला दोन वायरी. ते म्हणाले, "बाई, मोटर, स्विच राहू द्या. आधी करंट येते का नाई, अन् आलेली करंट परत जाते का नाई, एवढं पाहू." दहा मिनिटांत सापडलं. मोटरची जी अर्थची वायर गाडीच्या पत्र्याला स्क्रूनं आवळलेली होती, तो स्क्रू गंजला होता. बस्स! पॉलिश पेपरनं पत्रा घासला, नवा स्क्रू लावला, वर थोडं ग्रीस. मोटर बदलताना त्या वायरीला हिसका बसला असणार, म्हणून आठ दिवस तेवढ्यापुरती ती टेकली आणि पुन्हा सुटली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच.

जुनी मोटर त्या गृहस्थांनी बॅटरीला जोडून दाखवली. ती चांगली फिरत होती. ती अजून माझ्या माळ्यावर आहे.

वायपरच्या पोटात काय असतं?

घाबरू नका, मिक्सरपेक्षा वेगळं काही नाही. बॅटरीतून निघालेली वीज आधी फ्यूजमध्ये जाते, तिथून स्टेअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमध्ये आणि तिथून मोटरमध्ये. मोटरीत मिक्सरसारखेच कार्बन असतात. बहुतेक गाड्यांत तीन: एक हळू चालण्यासाठी, एक जोरात चालण्यासाठी आणि एक दोघांना सामाईक. मोटरीच्या तोंडाशी दात्यांचं चाक असतं, ते वेग कमी करून जोर वाढवतं. त्यावर बसवलेल्या दांड्या, ज्यांना मेकॅनिक लिंक म्हणतात, त्या दोन्ही पाती डावी-उजवीकडे हलवतात.

त्याच चाकापाशी एक लहानशी युक्ती असते. आपण स्विच बंद केला, तरी पाती काचेच्या तळाशी जाऊन मगच थांबतात, बघितलंय ना? स्विच बंद झाल्यावरही मोटरीला पाती 'घरी' पोचेपर्यंत वीज मिळत राहते आणि पोचल्या की तुटते. याला पार्किंग म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात वीज एका वायरीनं येते आणि दुसरीनं परत जाते. गाडीत मात्र परतीचं काम बहुतेक ठिकाणी गाडीचा पत्राच करतो. पत्र्याला जोडलेली ती आखूड वायर म्हणजे अर्थ. येणारी वाट कितीही चांगली असो, परतीची वाट गंजली तर मोटर चालायची नाही. काही गाड्यांत वेगळी वायरही नसते. मोटर ज्या पट्टीवर बसवलेली असते, ती पट्टीच अर्थचं काम करते.

आणि हे सगळं बसवलेलं असतं कुठे? बॉनेटच्या मागे, काचेच्या खालच्या जाळीत. गावाचं नावच बाभुळगाव, त्यामुळे झाडाखाली गाडी लावली की बाभळीची बारीक पानं आणि फुलं त्या जाळीतून आत जातात. त्यांनी पाणी निघायची भोकं बुजतात, पाणी साचतं आणि मोटरीचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, त्यात भिजतो. गंजाला आणखी काय हवं?

लक्षणांवरून निदान

मूल आजारी पडलं की आपण आधी ताप आहे का, पोट दुखतंय का, असं विचारतो ना? तसंच इथेही.

१) वायपर अजिबात हलत नाही. किल्ली चालू करून, इंजिन बंद ठेवून, स्विच फिरवा आणि कान द्या. मोटरीचा घूं-घूं आवाज येतोय, पण पाती जागची हलत नाही? मग विजेचा दोष नाही. पातीच्या बुडाचं नट ढिलं झालंय, नाहीतर लिंक निसटलीय. हे काम पान्यानं होतं, मोटर लागत नाही. आवाजच नसेल, तर वीज कुठेतरी अडलीय. काचेवर पाणी मारायचं बटण दाबून बघा. पुष्कळ गाड्यांत ते आणि वायपर एकाच फ्यूजवर असतात. पाणी उडालं, तर फ्यूज बहुधा शाबूत आहे.

२) हळू चालत नाही, पण जोरात चालतो; किंवा याच्या उलट. मग फ्यूज आणि अर्थ दोन्ही ठीक आहेत, कारण ती दोन्हींना सामाईक. दोष एकतर स्विचच्या त्या घरात, नाहीतर मोटरीतल्या त्या कार्बनमध्ये. कार्बन झिजला असेल, तर काही ठिकाणी तेवढाच बदलून मिळतो. विचारून बघायला काय हरकत आहे?

३) नुसता थांबून थांबून चालणारा वेग बंद, बाकी ठीक. मग रिले किंवा स्विच. मोटरीला हात लावू देऊ नका.

४) स्विच बंद केल्याबरोबर पाती काचेच्या मध्येच उभी राहते. पार्किंगला मिळणारी वीज तुटलीय, नाहीतर त्या चाकापाशी घाण बसलीय. याच्या उलट, स्विच बंद केला तरी वायपर थांबतच नाही, तर पार्किंगचे पॉइंट किंवा रिले चिकटलाय.

५) सगळेच वेग मंद. इंजिन बंद ठेवून, काच ओली करून, दोन्ही दांड्या काचेपासून उचलून धरायला कुणाला तरी सांगा आणि क्षणभर वायपर चालवा. चट्कन हलल्या, तर पातीचं रबर खराब आहे किंवा काचेवर तेलकट थर आहे. तरीही रेंगाळल्या, तर लिंक कोरडी पडलीय, नाहीतर वीज कमी पोचतेय. मग पुन्हा अर्थपाशी या.

६) फ्यूज सारखा उडतोय. मोटरीचा कपलर काढून ठेवा, त्याच आकड्याचा नवा फ्यूज घाला आणि स्विच चालू करा. तरी उडाला, तर वाटेत कुठेतरी वायर सोलून पत्र्याला लागतेय. नाही उडाला, तर मोटर किंवा अडकलेली लिंक.

दिव्याची परीक्षा

मोटारीच्या सामानाच्या दुकानात बारा व्होल्टचा, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि होल्डर मिळतो. त्याला हातभर लांबीच्या नव्हे, चांगल्या दीड-दीड मीटरच्या दोन वायरी जोडून घ्या. एकीच्या टोकाला क्लिप, दुसरीच्या टोकाला जाड सुई. झाला टेस्ट लॅम्प. हा दिवा पावणेदोन अँपिअर वीज घेतो, आणि त्यातच त्याचा उपयोग आहे. अर्धवट टेकलेल्या वायरीवर मीटर कधीकधी बारा व्होल्ट बिनधोक दाखवतो, आपण फसतो. हा दिवा मात्र तिथे मिणमिणतो आणि खरं काय ते सांगतो.

सुरुवात करण्याआधी हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. मंगळसूत्र आत घाला, पदर किंवा ओढणी खोचून घ्या. हे केवळ टापटिपीसाठी सांगत नाही. बॅटरीच्या धन टोकाला आणि पत्र्याला बांगडी एकाच वेळी लागली, तर ती क्षणात लालभडक होते. लिंकमध्ये हात घालायचा असेल, तर किल्ली काढून स्वतःच्या जवळ ठेवा. त्या दांड्यांच्या जोरापुढे बोटाचं काही चालत नाही. मुलांना लांब बसवा.

आता क्रमानं चला.

पहिलं, फ्यूज. कोणता फ्यूज वायपरचा, ते डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. किल्ली चालू करा, दिव्याची क्लिप स्वच्छ, रंग नसलेल्या पत्र्याला लावा. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके दिसतात, त्यांना आळीपाळीनं सुई लावा. दोन्हींवर दिवा लागला, तर फ्यूज चांगला. एकावरच लागला, तर उडालाय. एकावरही नाही, तर वीज फ्यूजपर्यंत आलेलीच नाही.

दुसरं, मोटरीची वीज. मोटरीचा कपलर सोडवा. किल्ली आणि वायपरचा स्विच चालू ठेवून कपलरच्या गाडीकडच्या बाजूला एकेका पिनेला सुई लावा. स्विच हळूवर ठेवला की एका पिनेवर, जोरात ठेवला की दुसऱ्या पिनेवर दिवा लागायला हवा. लागला, तर स्विच निर्दोष सुटला. लागला नाही आणि फ्यूज मात्र ठीक आहे, तर दोष स्विचमध्ये किंवा मधल्या वायरीत.

तिसरं, अर्थ. आता क्लिप बॅटरीच्या धन टोकाला लावा आणि सुई कपलरच्या अर्थच्या पिनेला. हीच वायर पुष्कळदा काळी असते. दिवा लख्ख लागला, तर परतीची वाट मोकळी. मिणमिणला, तर चोर सापडला! आमच्याकडे इथंच तो मिणमिणला होता. वायर पत्र्यापर्यंत माग काढत जा, स्क्रू काढा, घासा, आवळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत व्हायला नको.

वीज येतेय, परतही जातेय आणि तरीही मोटर चालत नाही? आता खुशाल म्हणा, मोटर गेली. त्याआधी नाही.

एवढं मात्र करू नका

उडालेल्या फ्यूजच्या जागी तार, चांदीचा कागद किंवा मोठ्या आकड्याचा फ्यूज कधीही घालू नका. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. ज्या रंगाचा निघाला, त्याच रंगाचा घाला. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. त्यालाच मोठं केलं, तर जळायची पाळी वायरीवर येते आणि वायरिंगची आग डॅशबोर्डाच्या मागे लागते.

दुसरं, नव्या गाड्यांत, विशेषतः पाऊस पडला की आपोआप सुरू होणाऱ्या वायपरमध्ये, सगळा कारभार एका इलेक्ट्रॉनिक पेटीकडे असतो. तिथे आपला हा दिवा चालवू नका. तो जास्त वीज ओढून पेटीच खराब करू शकतो. पिवळ्या वेष्टनाच्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना तर सुई लावायचीच नाही. अशा गाडीत फ्यूज पाहा, जाळीतली पानं काढा आणि पुढचं काम जाणकाराकडे सोपवा.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

हे सगळं तुम्ही स्वतःच्या हातानं केलंच पाहिजे, असं माझं म्हणणं नाही. मीसुद्धा स्क्रू घासायच्या पलीकडे फारशी जात नाही. पण विचारायचं काय, हे कळलं तरी पुष्कळ झालं. "मोटर बदला" असं कुणी म्हटलं, की शांतपणे सांगा, "भाऊ, मोटरच्या कपलरवर करंट येते का आणि अर्थ आहे का, तेवढं मला दिवा लावून दाखवा. मग बदलू." चांगला कारागीर यानं रागावत नाही, उलट खूष होऊन दाखवतो. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. तो तुमच्या पैशाचा आहे.

"बाईमाणसाला त्यातलं काय कळतं?" असं कुणी पुटपुटलं, तर हेही सांगून ठेवा, की वायपर हा मुळात बायकांच्याच डोक्यातून निघालेला आहे. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी न्यूयॉर्कला गेल्या असताना पाहिलं, की काचेवर बर्फ साचल्यानं ट्रामच्या ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. त्यांनी आतून दांडा हलवून काच पुसायची युक्ती काढली आणि १९०३ साली तिचं पेटंट मिळवलं. त्यातून त्यांना पैसा असा मिळालाच नाही. पुढे १९१७ साली शार्लट ब्रिजवूड नावाच्या दुसऱ्या बाईंनी विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं. आपल्याकडेही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोर काच असलेल्या गाडीला चालता वायपर असणं सक्तीचं आहे. तेव्हा ही चैन नव्हे, ब्रेकइतकीच गरजेची वस्तू आहे.

वाटेतच बंद पडला तर

आधी वेग कमी करा, इंडिकेटरचे चारही दिवे लावा आणि रस्ता सोडून बाजूला, सपाट जागी थांबा. "आता आलंच घर" म्हणून पुढे दामटू नका. जुने ड्रायव्हर काचेवर तंबाखू किंवा बटाट्याची फोड चोळतात. त्यानं पाणी थेंबाथेंबानं न साचता पसरतं आणि थोडं दिसतं. पण हा उपाय गाडी सुरक्षित जागी लावण्यापुरता, घर गाठण्यासाठी नव्हे. थांबल्यावर फ्यूज पाहा. गाडीत त्याच रंगाचे दोन फ्यूज नेहमी असू द्या.

आणि हे सगळं टाळायचं, तर मृग लागायच्या आधी एका रविवारी अर्धा तास काढा. जाळीतली पानं हातानं वेचा, वर तांब्याभर पाणी ओतून ते खालून निघून जातं का, ते पाहा. काच ओली करून वायपर सगळ्या वेगांवर चालवा आणि बंद केल्यावर तो घरी जाऊन थांबतो ना, ते बघा. धुळीनं भरलेल्या कोरड्या काचेवर मात्र तो कधी चालवू नका. काचेला चरे पडतात, रबर फाटतं आणि मोटरीला उगाच जोर लागतो.

आमच्याकडे हे काम आता मुलाकडे आहे. मागच्या मे महिन्यात तो पानं काढत होता, तेव्हा सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "नीट काढ रे बाबू. त्या दिवशी तुला घेऊन बसले होते मी, मला माहीत आहे." वर्षानंतर त्या रात्रीबद्दल त्या एवढंच बोलल्या.

तुमच्या गाडीचं असं काही झालं असेल, तर जरूर लिहा. गाडी कोणती, लक्षण काय, दिवा कुठे लागला आणि कुठे लागला नाही, एवढं नीट कळवलंत, तर त्या वयस्कर गृहस्थांना विचारून उत्तर देईन.